गर्भपाताचे आठवडे टेबलावर वाढतात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

गर्भपात योग्य की अयोग्य, यावर घराघरांत मतभेद आहेत, आमच्यातही आहेत. १२ आठवड्यांचा गर्भ आणि २४ आठवड्यांचा गर्भ आम्हालाही सारखा वाटत नाही. पण बाराचे चोवीस होण्यात सरकारी टेबलांचा हात असतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकली त्या दिवशीच कागदावर चार आठवडे झालेले असतात. पाळी अनियमित असलेली पंधरा वर्षांची मुलगी, किंवा बाळ अंगावर पीत असल्याने पाळीच सुरू न झालेली बाई. यांना दिवस गेल्याचे कळेपर्यंत कधी १४ आठवडे, कधी १८. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी भागते : मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम, दोन आठवड्यांनी तपासणी. १२ पर्यंत पिशवी पंपाने काही मिनिटांत रिकामी होते. त्यापुढे दर तीन तासांनी गोळ्या आणि बाळंतपणासारख्याच कळा, तासन् तास. बऱ्याचदा लेबर रूममध्येच, शेजारच्या खाटेवर दुसरीचे मूल रडत असताना.

ओपीडीत पहिला प्रश्न येतो, "नवरा आलाय का?" गर्भपाताच्या कायद्याला नवऱ्याची सही लागत नाही. फॉर्म सी वर, म्हणजे संमतीपत्रावर, सही तिची एकटीची. ती अठराच्या आतली किंवा मानसिक आजार असलेली असेल तरच पालकाची. ठरावीक स्त्रियांना २० ते २४ आठवड्यांत गर्भपाताची जी सवलत आहे, ती अविवाहितेलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरी "घरच्यांना घेऊन या" म्हणून परत पाठवलेली बाई पुन्हा येते तेव्हा आठवडा गेलेला असतो. कधी ती येतच नाही, आणि मग काय केले असेल ते रक्तस्राव घेऊन दाखल झाल्यावर कळते.

बलात्काराच्या प्रकरणात "आधी एफआयआर आणा". सप्टेंबर २०२२ च्या त्याच निकालानुसार गर्भपातासाठी एफआयआरची अट नाही. अल्पवयीन मुलीची माहिती पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना द्यावी लागते, पण तिने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टर नाव-पत्ता गुप्त ठेवू शकतात. आणि जिथे गुन्हा नोंदला जातो तिथे भलतीच चूक होते : गर्भाचा नमुना सवयीने फॉर्मलिन या रसायनात टाकतात. पॅथॉलॉजीला ते चालते, डीएनएला नाही. नमुना बर्फात, थंड साखळीत प्रयोगशाळेत जायला हवा. नाहीतर पुरावाच जातो.

२४ नंतर कायदा फक्त गर्भातील गंभीर व्यंगासाठी मेडिकल बोर्डाचे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाचे, दार उघडतो. व्यंग दिसते १८-२० आठवड्यांच्या सोनोग्राफीत. शंका आली की गर्भजलाची तपासणी, तिचा अहवाल दोन-तीन आठवड्यांनी. म्हणजे एकही दिवस न चुकवता वागलेले जोडपेही २३ व्या आठवड्यात उभे असते. २०२१ च्या नियमांत बोर्डाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे आणि पाच दिवसांत गर्भपात व्हायचा, असे आहे. बोर्डाच्या मताची पद्धत मात्र एका ओळीची : "२४ च्या पुढे, व्यंग नाही, नामंजूर." मुलीच्या मनाचे, शरीराचे काय, याबद्दल अक्षर नाही. त्याबद्दलही मत द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका मुलीच्या प्रकरणात सांगितले आहे.

एखाद्या डॉक्टरच्या मनाला गर्भपात पटत नसेल, तर आम्हाला त्याचा राग नाही. त्याने तसे त्याच दिवशी सांगावे आणि दुसऱ्याकडे पाठवावे. "पुढच्या सोमवारी या" हे काही विवेकाचे उत्तर नव्हे. लिंगनिदानाचा कायदा वेगळा आणि हा वेगळा, हेही परिपत्रक काढून कळवा. लिंगनिदानाच्या छाप्याच्या धास्तीने गर्भपाताच्या गोळ्याच न ठेवणारे औषध दुकानदार आहेत.

उशिराचा गर्भपात ज्यांना सर्वांत जास्त खुपतो, त्यांनी तरी या दिवसांचा हिशेब मागावा.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नवऱ्याची सही न मागण्याचा लेखी आदेश लावा. बोर्डाच्या मतासाठी मुलीच्या स्थितीचा रकाना असलेला कागद द्या. आणि अर्जाच्या पोचपावतीवर तारखेसोबत वेळही लिहायला लावा. तीन दिवस तिथूनच मोजायचे आहेत.

आपले,
स्त्री-आरोग्य क्षेत्रात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक