अ‍ॅशव्हिलच्या महापौरांना खुले पत्र : जाहिरातीत आम्ही, मग हिशेबात का नाही?

प्रति,
मा. महापौर,
अ‍ॅशव्हिल, नॉर्थ कॅरोलिना

महोदया, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका मदतनिधीच्या कार्यालयाकडून माझा अर्ज फेटाळल्याचं कळवण्यात आलं. कारण एका ओळीचं आहे : अर्जदाराचा व्यवसाय सध्या सुरू नाही. सुरू नाही म्हणूनच तर अर्ज केला होता! 2024 च्या पुरात फ्रेंच ब्रॉड नदी माझ्या कुंभारकामाच्या स्टुडिओतून छताला लागून वाहिली, त्यात चाक गेलं, भट्टी गेली, विक्रीला तयार असलेला सगळा माल गेला. आता व्यवसाय सुरू असल्याचा पुरावा दिला तरच तो सुरू करायला मदत मिळणार.

तो निधी आपल्या कार्यालयाचा नाही, हे मला ठाऊक आहे. त्या नकाराचा दोष मी आपल्यावर ठेवत नाही. पण हे शहर कलावंतांचं म्हणून जगभर मिरवलं जातं, आणि त्या शहराच्या प्रथम नागरिक आपण आहात. दाद मागायची ती आपल्याकडेच. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात पोहोचेल. मराठीत इथे लिहिते, कारण दर ऑक्टोबरला शार्लट, कॅरी, अटलांटाहून माझीच माणसं गाड्या भरून पानांचे रंग बघायला येतात, बिल्टमोरचा जुना महाल बघतात, जाताना एखादा हाताने घडवलेला मग घेऊन जातात. तो मग घडवणाऱ्यांचं इथे काय झालं, हे त्यांनाही कळलं पाहिजे.

मी कोल्हापूरची. पावसाळ्यात ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर?’ हा प्रश्न ऐकतच मोठी झाले. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. बापट कॅम्पातले, शाहूपुरीतले कुंभार पंचगंगा चढायला लागली की अर्धवट रंगवलेले गणपती डोक्यावर घेऊन उंचावर नेतात. त्यामुळे नदीकाठी जागा घेताना मी विचारलं होतं, इथे पाणी कुठवर येतं? 1916 सालचा मोठा पूर सगळ्यांना माहीत होता, पण तो जुन्या फोटोंत. 27 सप्टेंबर 2024 ला हेलीन वादळाने तो विक्रम मोडला. पाणी 24 फुटांच्या वर गेलं. राज्यात शंभरावर माणसं गेली, हे मी विसरलेले नाही. मी जिवंत आहे आणि मातीच्या भांड्यांचं रडगाणं गाते आहे असं कुणाला वाटेल, तर त्याने एकदा माझ्याबरोबर त्या इमारतीत यायला हवं होतं.

आत जायला परवानगी मिळाली तेव्हा भट्टीचं झाकण उघडेना. पहारीने उचकटलं. आत पहिली भाजणी झालेले वाडगे लावलेले होते तसेच होते, एकावर एक, आणि प्रत्येक वाडगा काठोकाठ चिखलाने भरलेला. त्या चिखलाला डिझेलचा आणि सांडपाण्याचा वास येत होता. मास्क, रबरी हातमोजे घालूनच हात लावा असं बजावलेलं. आयुष्यभर मातीत हात घालणाऱ्या बाईला मातीला हात लावायची भीती वाटली. ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावर चढवायच्या काचेसारख्या लेपाच्या, वहीची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. कुठला राखेचा ग्लेझ कुठल्या तापमानाला हिरवा पडतो, कुठला फुटतो, अशा वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या त्यात. त्या कुठल्या अर्जात, कुठल्या रकान्यात लिहू?

अर्जांची गंमत आपल्याला ठाऊक नसेल, आम्हाला ती तोंडपाठ झाली आहे. फेमा, म्हणजे केंद्राची आपत्ती-मदत संस्था, घराचं नुकसान बघते, धंद्याचं नाही. धंद्यासाठी सरकारचं कर्ज, म्हणजे बुडालेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी बोजा. आणि त्या कर्जाचा निधीच ऑक्टोबर 2024 मध्ये संपला, संसदेने पुन्हा पैसे घालेपर्यंत डिसेंबर उजाडला. विमा कंपनी म्हणाली, पाईप फुटला असता तर दिले असते, नदीचं पाणी पॉलिसीत बसत नाही. शहरात तर प्यायचं पाणीसुद्धा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नळाला नव्हतं. आम्ही नाल्याच्या पाण्याने संडास धूत होतो आणि रात्री मोबाईलवर फॉर्म भरत होतो.

मुद्द्यावर येते.

या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याकडून खोलीभाड्यावर 6 टक्के कर घेतला जातो. हा पैसा पर्यटन विकास प्राधिकरणाकडे जातो. कायद्याने त्यातला दोन तृतीयांश भाग जाहिरातीवर खर्च करायचा. 2022 च्या आधी तर चारातले तीन हिस्से जाहिरातीला होते. आता त्या जाहिराती बघा. त्यात काय असतं? चाकावर फिरणारी माती. काचेची फुंकणी. फुटपाथवर बँजो वाजवणारा पोरगा. रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या कलावंतांच्या वस्तीच्या, भिंतींवरची चित्रं. म्हणजे माल आमचा, जाहिरात आमच्या मालाची, आणि जाहिरातीचे पैसे मिळाले जाहिरात करणाऱ्याला! पर्यटक 2023 साली या काउंटीत तीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्च करून गेले म्हणतात. त्यातले किती कुंभाराच्या भाड्याला लागले? किती त्या बँजोवाल्याच्या दाताच्या उपचाराला लागले?

कायदा रॅलेत, राज्याच्या राजधानीत होतो, शहराच्या हातात नाही, हे उत्तर मला द्यायची गरज नाही. ते ऐकून ऐकून कान किटले. कायदा रॅलेत होतो तर रॅलेला जा. 2022 साली तो बदलला तेव्हा बदलता आलाच ना? नगरपरिषदेने ठराव करून मागणी करावी, की हॉटेल कराचा अर्धा भाग ज्यांच्या कामामुळे पाहुणे येतात त्यांच्या कामाच्या जागांसाठी वापरू द्या. ठराव करायला तर रॅलेची परवानगी लागत नाही?

पुरापूर्वी त्या नदीकाठी सातशेच्या आसपास कलावंत काम करत होते. ऐंशी टक्के भाग उद्ध्वस्त झाला म्हणतात. ती जागा कलावंतांना कुणी आंदण दिली नव्हती. कापडगिरण्या, कातडी कमावण्याचे कारखाने, गोदामं बंद पडून तिथे उंदीर फिरत होते. छप्पर गळतंय म्हणून भाडं कमी, भाडं कमी म्हणून आम्ही. आधीच्या पिढीने स्वतः काचा बसवल्या, वायरिंग केलं. 1995 साली जुनी कॉटन मिल जळाली, तरी लोक हटले नाहीत. मग काठावर ब्रुअरी, म्हणजे बिअरचे कारखाने आले, पायवाटा झाल्या, भाडी चढली. आता पूर ओसरल्यावर जागामालक नवीन दर सांगतात, तो ऐकून माझ्याबरोबरच्या एका काचकाम करणाऱ्या बाईंनी सरळ सामान आवरलं. ज्यांनी जागेला किंमत आणली त्यांनाच ती परवडत नाही. भाडेनियंत्रणाला राज्यात बंदी आहे, हेही मला माहीत आहे. पण शहराच्या स्वतःच्या इमारतीचं भाडं ठरवायला शहराला कोण अडवतं? पूररेषेच्या वर एक जुनी इमारत घ्या, दहा वर्षांच्या कराराने, ठरलेल्या भाड्याने द्या. आम्ही फुकट मागत नाही. भाडं भरत आलो आहोत, भरत राहू.

आणि पैसे नाहीत म्हणू नका. पुनर्वसनासाठी केंद्राकडून या शहराला 22 कोटी 50 लाख डॉलर मंजूर झाले आहेत. त्याच्या पहिल्या मसुद्यात स्त्रियांच्या आणि अल्पसंख्याकांच्या छोट्या व्यवसायांना प्राधान्य देऊ असं लिहिलं होतं. ते वाचून मी पहिल्यांदा नीट झोपले होते. वॉशिंग्टनहून आक्षेप आला आणि ते वाक्य काढून टाकलं. का काढलं ते समजतं, सगळाच निधी अडकला असता. पण एका ओळीचंही जाहीर दुःख कुणी व्यक्त केलं नाही. वाक्य गेलं, आम्हीही गेलो. महामार्गाच्या जोडरस्त्याला राज्याकडे एक अब्जाहून जास्त डॉलर आहेत. त्याच रस्त्यासाठी नदीकाठची सॅल्व्हेज स्टेशन ही गाण्याची मोकळी जागा तशीही बंद पडणारच होती, पुराने ती काही महिने आधी नेली इतकंच. रस्त्यासाठी पैसे असतात. गाण्याच्या जागेसाठी नुसतं कौतुक असतं.

थॉमस वुल्फ सभागृहाचं काय झालं? या शहरात जन्मलेल्या लेखकाचं नाव त्याला दिलं. 2023 च्या उन्हाळ्यात तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि शहराच्या सिम्फनी वाद्यवृंदाला शहरभर दुसऱ्यांच्या दारात जागा शोधत फिरावं लागलं. तेव्हा पूर नव्हता, वादळ नव्हतं. नुसती वर्षानुवर्षांची चालढकल होती. माझ्या गावी केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 ला रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर. माझ्या आईने फोनवर रडत सांगितलं, जळलं गं आपलं थिएटर. दुसऱ्या दिवशी रंगकर्मी, मंत्री, रिक्षावाले, सगळे त्या राखेपाशी उभे होते आणि पुन्हा बांधण्याचे पैसे जाहीर झाले. तिथल्या कारभारात सगळं आलबेल आहे असा माझा दावा नाही, आमच्या लोककलावंतांची मानधनं महिनोन्महिने रखडतात. पण नाट्यगृह हे गावाचं आहे, दुरुस्ती गावाने करायची, यावर तिथे वाद नव्हता. इथे आधी सल्लागार नेमतात, मग त्याचा अहवाल येतो, मग पर्यटक किती वाढतील याचा आकडा मागतात. गाण्याला पर्यटकांचा दाखला का लागावा? इथे राहणाऱ्या लाखभर माणसांनी संध्याकाळी काही ऐकू नये का?

तुम्ही या शहराचा इतिहास भाषणांत सांगता, तो मीही वाचला आहे. 1928 साली बास्कम लामार लन्सफर्ड यांनी इथे डोंगरी गाण्यानाचाचा महोत्सव सुरू केला, तो आजही भरतो. जवळच कलांना केंद्रस्थानी ठेवणारं ब्लॅक माउंटन कॉलेज होतं. 1933 ला सुरू झालं, चित्रकार जोसेफ आल्बर्स शिकवायला होते, 1948 साली रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी तिथे घुमट उभा करून पाहिला, 1952 ला संगीतकार जॉन केज यांनी जेवणघरात सादरीकरणाचा तो प्रयोग केला ज्यावर आजही पुस्तकं निघतात. आणि 1957 ला कॉलेज बंद झालं. का? पैसे नव्हते. शेवटी शेवटी शिक्षकांना पगार द्यायचीही ताकद नव्हती. आज त्याच कॉलेजच्या नावाचं संग्रहालय शहरात आहे, ते चालवणारे लोक चांगलं काम करतात. पण त्या काळात या राज्याने काय केलं? मेल्यावर भिंतीवर फोटो, जिवंतपणी नकारपत्र, ही रीत तेव्हाची आजही चालू आहे. सिंथेसायझर हे विजेवरचं वाद्य घडवणारे बॉब मूग इथे राहायला आले, त्या वाद्याचं नाव या गावाशी जोडलं गेलं, आणि 2023 साली त्यांच्या नावाची कंपनी विकली गेल्यावर कारागिरांच्या नोकऱ्या गेल्या. तुम्ही म्हणाल, ती खासगी कंपनी. प्रत्येक वेळी काहीतरी असतंच. खासगी कंपनी, राज्याचा कायदा, केंद्राची अट, देवाची करणी.

2025 च्या मे महिन्यात केंद्राने देशभरातल्या शेकडो कला संस्थांची मंजूर झालेली अनुदानं एका ईमेलने मागे घेतली. मंजूर झालेली! या देशात कलावंताला नोकरी नाही म्हणून आरोग्यविमा नाही, विमा नाही म्हणून हात दुखला तरी डॉक्टर नाही. माझा उजवा अंगठा पूर साफ करताना दुखावला, तो अजून चाकावर दाब देत नाही. आता मी एका किराणा दुकानात गल्ल्यावर उभी असते. परवा एक पर्यटक बाई विचारत होत्या, खरे स्थानिक कलाकार कुठे भेटतील? मी त्यांना सुट्टे पैसे दिले.

माझ्या मागण्या इंग्रजी प्रतीत स्वतंत्र पानावर आहेत : हॉटेल कराचा ठराव, शहराच्या मालकीची इमारत, थॉमस वुल्फ सभागृहाच्या दुरुस्तीची तारीख, आणि 22 कोटींतून नदीकाठच्या भाडेकरू कलावंतांसाठी वेगळी रक्कम. भाडेकरू हा शब्द त्यात हवाच, नाहीतर पैसे जागामालकांच्या खात्यात जातील आणि आम्ही पुन्हा अर्ज भरत बसू.

परिषदेच्या पुढच्या मंगळवारच्या बैठकीत नागरिकांना तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी नाव नोंदवणार आहे. तीन मिनिटांत हे सगळं मावणार नाही, म्हणून आधी लिहून पाठवलं. बैठकीला येण्यापूर्वी कृपया वाचून या.

कळावे.

आपली,
नदीकाठची एक भाडेकरू कुंभार