क्लोराइड वाढले म्हणून मीठ तोडू नका

महोदय,

आपल्या कालच्या आरोग्य पुरवणीत रक्तातील क्षारांवरचा लेख वाचला. ‘क्लोराइड जास्त आले तर जेवणातले मीठ कमी करावे’ हा त्यातला सल्ला वाचल्यावर, एकतीस वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केलेल्या मला गप्प बसवेना. रक्तातले क्लोराइड साधारण ९८ ते १०७ मिलिमोल प्रतिलिटर असते; ते जुलाबांत वाढते, उलट्यांत पोटातल्या आम्लाबरोबर घटते आणि ताटातल्या चिमूटभर मिठाने सहसा हलत नाही. रक्त कोणत्या हातातून घेतले, याबद्दल मात्र लेखात एक अक्षर नाही.

गेल्या श्रावणात माझ्या आईला जुलाबांमुळे रुग्णालयात दाखल केले होते. सकाळच्या अहवालात सोडियम १४४, क्लोराइड १२३ आणि पोटॅशियम २.५ आले. जुलाबांच्या रुग्णात हे आकडे खरे वाटण्यासारखेच असल्याने पोटॅशियम चढवण्याची तयारी सुरू झाली. परंतु आई उठून बसून चहा मागत होती आणि तिच्या डाव्या हाताच्या कोपरात, जिथे मनगटावर सलाइन चालू होते त्याच हातावर, कापसाचा ताजा बोळा चिकटवलेला मी पाहिला. सलाइनच्या एका लिटरात १५४ मिलिमोल क्लोराइड असते, पोटॅशियम अजिबात नसते. ते नमुन्यात मिसळले की एक आकडा चढतो आणि दुसरा पडतो. मी हट्ट धरून उजव्या हातातून पुन्हा रक्त घ्यायला लावले. क्लोराइड १०३ आणि पोटॅशियम ४.१ आले! ते पोटॅशियम चढवले गेले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही माझा जीव घाबरा होतो. रक्त घेणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही, कारण म्हातारीला दुसऱ्या हाताला टोचायला नको, एवढाच तिचा हेतू होता. पण हे तिला कोणीतरी शिकवायला हवे होते.

लेखासोबतच्या छायाचित्रात जांभळ्या टोपणाची नळी दाखवली आहे, तेही चूक आहे. ती नळी हिमोग्रामसाठी असते, तिच्यातल्या रक्तावर क्षारांची तपासणी करत नाहीत. येत्या पुरवणीत दोन्ही दुरुस्त्या ठळकपणे छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली