आधी कम्प्युटर विचारलात, मग कॅमेरा

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण नागपुरात बर्डीवरच्या तुमच्या छोट्या दुकानात माझ्यासाठी काय झालं ते चार लोकांना कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

२००८ चा मे महिना होता. मुलगी वर्षाची होत आलेली. व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा हे घरात ठरलं होतं, कोणता ते कुणालाच कळत नव्हतं. मी शोरूममधली तीन पत्रकं घेऊन तुमच्याकडे आले आणि विचारलं, यातला चांगला कोणता? तुम्ही पत्रकं बाजूला सारलीत. "ताई, आधी घरचा कम्प्युटर कोणता आहे ते सांगा."

पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. तुम्ही कागदावर लिहून घेतलंत आणि भर दुपारी, त्या उन्हात, दुकानाचं शटर ओढून माझ्यासोबत शोरूमला आलात. ओळख म्हणाल तर जेमतेम अर्ध्या तासाची.

शोरूममधला मुलगा छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा पुढे करत होता. शूट करा, डिस्क काढा, टीव्हीला लावा. ऐकायला सोपंच होतं, मी घेऊनही टाकला असता. तुम्ही मला शांतपणे समजावलंत की त्या आठ सेंटीमीटरच्या डिस्कवर साधारण दर्जात अर्धाच तास मावतो, दुसरीकडे दाखवायची तर आधी ती फायनलाइज, म्हणजे कॅमेऱ्यातच पक्की बंद, करावी लागते, आणि नको तो भाग कापून नीट जोडायचा म्हटलं की डोकेदुखी. मग त्याने एव्हीसीएचडी या हाय-डेफिनिशन प्रकारचा, कार्डावर चालणारा महागडा कॅमेरा काढला. त्याचं चित्र सुंदर होतं, तुम्हीही तसंच म्हणालात. पण ते रेकॉर्डिंग इतकं दाबून साठवलेलं असतं की ते उलगडून दाखवताना आमचा कम्प्युटर अडखळत राहिला असता. "कॅमेरा चांगला आहे ताई, पण तुमच्या घरी तो नुसता कपाटात राहील." पैसे वाचले हे खरंच, पण त्याहून मोठं म्हणजे मला कुणीतरी माझं घर बघून सल्ला दिला.

शेवटी मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपचा साधा कॅमेरा घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला हजारपट झूम तुम्ही बोटाने झाकलात आणि ऑप्टिकल, म्हणजे भिंगाच्या खऱ्या झूमचा बारीक आकडा वाचायला लावलात. काउंटरखालच्या अंधारात कॅमेरा धरून चित्रात किती दाणे येतात तेही दाखवलंत. आजही कुणी असं काही घ्यायला निघालं की मी हेच करायला सांगते.

खोक्यात यूएसबीची वायर होती. मला वाटलं, झालं काम. तुम्ही म्हणालात, हिच्यातून फोटो येतील, टेपवरचा व्हिडिओ जसाच्या तसा यायला फायरवायर नावाची वेगळी जोडणी लागते. मग आमच्या कम्प्युटरच्या डब्यात फायरवायरचं कार्ड बसवलंत, कॅमेऱ्याकडे चार पिनांचं आणि कम्प्युटरकडे सहा पिनांचं टोक असलेली वायर दिलीत. डी ड्राइव्ह फॅट३२, म्हणजे फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीचा होता. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि टेपचा एक तास म्हणजे जवळपास १३ जीबी. म्हणजे वीस मिनिटांच्या आतच गाडी अडली असती. जुने फोटो न घालवता तुम्ही तो एनटीएफएस, म्हणजे मोठ्या फाइली मावणाऱ्या पद्धतीचा करून दिलात. ही अडचण मला यायच्या आधीच तुम्हाला दिसली होती.

आणि निघताना ताकीद दिलीत. कम्प्युटरवर घेतलं म्हणून टेप पुसायची नाही. भरली की मागची खिटी 'सेव्ह'कडे सरकवायची, तारीख लिहायची, आणि कूलरच्या दमट हवेपासून लांब ठेवायची. नागपुरात उन्हाळ्याचे तीन महिने कूलर घरातल्या माणसासारखाच असतो, त्यामुळे हे वाक्य पक्कं लक्षात राहिलं. टेपा स्टीलच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेल्या.

२०१३ मध्ये हार्ड डिस्क गेली. पाच वर्षांचं सगळं गेलं असं वाटून मी रडले होते. डबा उघडला, टेपा तशाच होत्या.

२०१६ मध्ये सासरे गेले. यंदा मुलगी शिकायला पुण्याला गेली. वसतिगृहातून पहिल्याच आठवड्यात तिचा फोन, "आई, आजोबांचा आवाज पाठव ना." आमच्या नव्या लॅपटॉपला फायरवायर लावायला जागाच नाही. मी अकरा टेपा आणि तो कॅमेरा पिशवीत घालून तुमच्याकडे आले. तुम्ही एक जुनी मशीन अशाच कामासाठी सांभाळून ठेवली होती. टेप तिच्या वेगानेच धावते, तासाची टेप उतरवायला तासच लागतो. तुम्ही दोन दिवस बसलात. एका टेपवर चित्र चौकोनाचौकोनांनी फुटत होतं, तर टेप वाचणारं हेड साफ करून ती परत पहिल्यापासून घेतलीत. दीडशे जीबीच्या आसपास, दोन वेगळ्या डिस्कवर. पैसे विचारले तर चहा मागवलात.

तान्ह्या पोळ्याची टेप मी त्याच रात्री पाहिली. अंगणात लाकडी बैल, गळ्यात माळ, मुलगी बोजारा, म्हणजे पोळ्याचे खाऊ-पैसे, मागायला निघायची घाई करते आहे आणि सासरे तिच्या हातातली पुरणपोळी बैलाच्या तोंडाशी नेत म्हणतात, "पाय माय, आंधी बैलाले चार, मंग तू खाय." नऊ वर्षांनी तो आवाज घरात आला. सासूबाईंनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला.

भाऊ, पहिल्या टेपच्या सुरुवातीला चाळीस सेकंद तुमचं दुकान आहे. माझा हात हलतोय, आणि तुमचा आवाज येतो, "कोपर पोटाला टेकवा ताई." चेहरा कुठेच नाही. अकराव्या टेपवर अजून वीस मिनिटं कोरी आहेत. दिवाळीत मुलगी आली की आम्ही दोघी कॅमेरा घेऊन येतो. त्या दिवशी शटर ओढू नका.

तुमची,
त्रिमूर्तीनगरची ताई