खोडायची नावं

प्रिय बंड्या,

पाठ अधूनमधून कुरकुरते, बाकी ठीक. आज लिहायला बसलो ते प्रौढांच्या वर्गातून गळणाऱ्या माणसांबद्दल. घरी सांगितलं तर “मग नवीन माणसं घ्या की” म्हणतात. तुला तसं वाटणार नाही.

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला नवा नियम लागलाय: लागोपाठ तीन तास गैरहजर राहिलं की नाव कमी. मी अजून एकही नाव खोडलेलं नाही आणि खोडणारही नाही. सुरुवातीला खुर्च्या पुरत नाहीत आणि दोन महिन्यांत मागच्या रांगा मोकळ्या, हे तू पाहिलंयस. वरचे म्हणतात, यांना गोडीच नाही. गोडी नसती तर दिवसभर उभ्यानं राबून रात्री बाकावर कोण येऊन बसलं असतं?

गेल्या आठवड्यात त्या रात्रपाळीवाल्या बाई आल्या, रुग्णांची देखभाल करतात त्या. सासूबाई पडल्या म्हणून गेल्या, त्या कित्येक महिने आल्याच नव्हत्या. दारातच थांबल्या. “सर, मागे बसले तर चालेल? सगळं विसरलेय हो.” वही तीच होती. उघडली तर आमच्या शेवटच्या धड्यापुढे पानंच्या पानं भरलेली. औषधांच्या बाटल्यांवरून एकेक अक्षर उतरवून काढलेलं: ‘शेक वेल बिफोर यूज’, ‘आफ्टर फूड’. एका ओळीखाली दोनदा रेघ, कारण ती कळली नव्हती. बंड्या, आपण ज्यांना गळालेल्या म्हणतो त्या घरी बसून शिकत होत्या. वर्गात परत पाऊल टाकायचीच काय ती लाज!

आणि विसरण्याचं म्हणशील, तर स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच मांडून ठेवलंय की विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. त्यांना एवढंच सांगितलं आणि पुढच्या बाकावर बसवलं. तासाभरात भूतकाळाची अर्धी क्रियापदं परत आली.

आता आपलं जुनं भांडण. शाळेतल्या छडीची भीती अशा माणसांना वर्गातून पळवते, असं तुझं म्हणणं. मी ते कधीच मानलं नाही. एकदा तर आपण इतके तंडलो की शिपाईकाकांनी दिवेच घालवले, आणि तू अंधारातही मुद्दा सोडला नाहीस! अमेरिकेत जॉन कमिंग्ज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांचा अभ्यास केला होता. त्यात शाळेतल्या वाईट अनुभवाचा टिकण्याशी संबंध दिसला नाही. ज्यांच्यापुढे नेमकं उद्दिष्ट होतं आणि ज्यांनी आधी स्वतःहून काही शिकायचा प्रयत्न केला होता, ते जास्त टिकले. तो भाषेचा वर्ग नव्हता, हे कबूल. पण बाईंची वही पाहिल्यावर मला तेच आठवलं.

नेमकं उद्दिष्ट हीच खरी गोम आहे. “इंग्रजी आलं पाहिजे” यावर माणूस महिनाभर येतो. “मुलाच्या वर्गशिक्षिकेशी मला स्वतः बोलायचंय” यावर वर्षभर येतो. म्हणून पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला विचारून घेतो आणि त्यावरून धडे फिरवतो.

मला सगळ्यात जास्त छळतो तो मधला टप्पा. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज बघ: अगदी सुरुवातीपासून ए२ पातळी, म्हणजे रोजचं साधं बोलणं, गाठायला १८० ते २०० तास, तिच्या पुढच्या बी१ पातळीला ३५० ते ४००. आपला वर्ग आठवड्याला तीन तास, म्हणजे वर्षाला फार तर दीडशे. ए२वरून बी१ला जायला वर्षाहून जास्त लागणार, हे गणित त्यांना कुणी सांगतच नाही. मग सहा महिन्यांनी “माझं डोकंच चालत नाही” असं ठरवून माणूस घरी बसतो. हिशेब आपला कच्चा आणि दोष त्यांच्या डोक्याला! मी हल्ली हे आकडे फळ्यावरच लिहितो. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं मिनिटभर बोलणं फोनवर रेकॉर्ड करतो आणि मरगळ आली की ऐकवतो. परवा एका ड्रायव्हरनं स्वतःचा जुना आवाज ऐकला आणि म्हणाला, “हा कोण अडखळतोय?” अख्खा वर्ग हसला, तोही.

तुझी ती दर महिन्याची परीक्षा मात्र मी आणणार नाही. पाळी बदलली म्हणून चार तास बुडालेल्या माणसाला लाल शेरा दिला की तो परत येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक तास असा हवा की मधूनच आलेल्यालाही हाती काही घेऊन जाता यावं. आणि कोणी दिसेनासं झालं की शेजारी बसणाऱ्यानं फोन करायचा. मास्तरांनी केला की झाडाझडती वाटते.

बदलीचं कळलं. वहिनींना ते घर आवडलं का? काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकट्याच्या निकालाचंही कळव.

सोमवारी त्या नियमावर बैठक आहे. खोडण्याऐवजी ‘रजेवर’ असा वेगळा रकाना ठेवा, असं मी मांडणार आहे. तू पूर्वी हजेरीचा तसा तक्ता आखला होतास, तो रविवारच्या आत पाठव.

तुझा,
मास्तर