ती स्ट्रिप न दिल्याबद्दल

आदरणीय मेडिकलवाले काका,

सा. न. वि. वि.

आपल्या दुकानात मी पंधरा वर्षे येते आहे, तरी आपले नाव मला आजही ठाऊक नाही. आमच्या पेठेत सगळेच ‘काकांचे मेडिकल’ एवढेच म्हणतात. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, त्या दिवशी आपण मला दुखण्याच्या गोळ्यांची जी स्ट्रिप नाकारलीत, ती सोलापुरातल्या कितीतरी बायका दर आठवड्याला काउंटरवरून निमूटपणे घेऊन जातात, आणि त्यांत मीही होते.

गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर मुलांबरोबर भरपेट भजी खाऊन परतले, त्या रात्री दीडच्या सुमारास उजव्या बरगडीखाली कळ उठली. दिवाळीपासूनची ती पाचवी किंवा सहावी असावी. पोटदुखीला आपल्याकडे नावांची वाण नाही: पित्त, गॅस, वायगोळा, नाहीतर बेंबी सरकली. सासूबाईंनी माझी बेंबी बसवून घेतली, जाऊबाईंनी ओव्याची पूड दिली, आणि मी स्वतः पित्ताची गोळी व जोडीला वेदनाशामक गोळी घेऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायला हजर राहत होते. घरात एकदा ‘पित्त’ म्हटले की पुढे कोणी काही विचारत नाही, आणि मलाही ते सोयीचेच होते.

दुसऱ्या दिवशी मी पन्नासची नोट काउंटरवर ठेवून नेहमीची दुखण्याची स्ट्रिप मागितली. आपण नोट माझ्याकडे परत सरकवलीत आणि म्हणालात, “दोन महिन्यांत ही चौथी. आता गोळी नाही, आधी डॉक्टर.” मला राग आला होता, हे कबूल करते. आपण मात्र शांतपणे सांगितलेत की, अशा वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्याने जठराच्या अस्तराला जखम होऊ शकते, कधी त्यातून रक्तस्रावही होतो, आणि दुखणे दबल्यामुळे मूळ आजार मात्र झाकलेलाच राहतो. मी हिशेबनीस आहे हे आपल्याला माहीत होते, म्हणून आपण पुढे म्हणालात, “मग दुखण्याचाही हिशेब मांडा. निदान करणे माझे काम नाही, पण डॉक्टरांना हिशेब दिलात तर त्यांचे काम सोपे होईल.”

त्याच संध्याकाळी कारखान्यातली एक जुनी खतावणी घेऊन मी रकाने आखले: तारीख, वेळ, आधी काय खाल्ले, कळ नेमकी कुठे, किती वेळ टिकली, कुठे सरकली, कशाने थांबली, शौच कसे झाले. महिन्याच्या पाळीच्या तारखाही लिहा, असे आपण काउंटरवरूनच, आवाज खाली न करता सांगितले होते, याचे मला तेव्हा अवघडल्यासारखे झाले आणि नंतर बरे वाटले. तीन आठवड्यांत चार नोंदी झाल्या. चारही वेळा तेलकट किंवा भरपूर जेवणानंतर दीड-दोन तासांनी दुखले होते, कळ उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली होती, तासाभराहून अधिक टिकली होती, आणि ढेकर देऊन किंवा पित्ताच्या गोळीने तिला काडीचा फरक पडला नव्हता. पाळीशी किंवा शौचाशी तिचा मेळ कुठेच बसत नव्हता.

सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी ती वही दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी सोनोग्राफीला बोलावले, कारण उपाशीपोटी पित्ताशय भरलेले राहते व आतले नीट दिसते. पित्ताशयात खडे निघाले. यकृतात तयार होणारे पित्त या पिशवीत साठते, स्निग्ध अन्न पोटात गेले की पिशवी आकुंचन पावते, आणि तेवढ्यात एखादा खडा तोंडाशी अडकला की कळ उठते, असे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. म्हणजे घरचे ‘पित्त’ म्हणत होते ते अगदीच चूक नव्हते! त्रास न देणाऱ्या खड्यांना बहुधा हात लावावा लागत नाही. माझे मात्र त्रास देत होते, म्हणून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून पित्ताशय काढले.

वारंवार दुखणारे प्रत्येक पोट शस्त्रक्रियेपर्यंत जाते, असे मात्र नाही. माझे पाहून माझ्या भाचीनेही वही घातली. तिचे दुखणे शौचाला जाऊन आल्यावर कमी होते आणि परीक्षेच्या दिवसांत वाढते, हे त्यातून दिसले. तिच्या तपासण्या निर्दोष आल्या आणि आतड्याच्या हळवेपणावर उपचार सुरू झाले. तपासणीत काही सापडले नाही म्हणून तिचे दुखणे खोटे ठरत नाही, हेही डॉक्टरांनी तिच्या आईला स्पष्ट सांगितले.

औषधाच्या खाकी पाकिटाच्या मागे आपण बॉलपेनने जे लिहून दिले होते, ते अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेले आहे. कळ सहा तासांत न थांबणे, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, डांबरासारखे काळे शौच किंवा रक्ताची उलटी, पोट लाकडासारखे कडक होणे, उलट्या होत राहून वारा व शौच दोन्ही बंद होणे, बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली स्थिरावणारे दुखणे, गरोदरपणातले तीव्र दुखणे: यांतले काहीही दिसले तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचे. कारण नसताना वजन घटणे किंवा दुखण्याने झोपेतून जाग येणे यासाठी, रडारड न करता पण त्याच आठवड्यात, डॉक्टरांना दाखवायचे. सर्वांत खाली आपण दोनदा अधोरेखित केले होते की, छातीखाली दडपण येऊन घाम फुटला किंवा दम लागला तर ते पोटाचे न समजता 108 ला फोन करायचा. मार्चमध्ये शेजारच्या आजोबांना तसे झाले, तेव्हा त्यांच्या मुलाने सोडा शोधायला सुरुवात केली होती. मी त्याला फ्रिजसमोर उभे केले. आजोबा आता घरी आहेत.

सोबत शेंगाचटणीचा डबा पाठवते आहे. तेल जरा बेताचेच घातले आहे, ते गोड मानून घ्यावे.

आपली कृतज्ञ,
पन्नासची नोट परत नेलेली गिऱ्हाईक
सोलापूर