विमान किती रुपयांचे, आणि उडते किती दिवस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लढाऊ विमानांच्या खरेदीची बातमी आली की आमच्या गावच्या पारावर भागाकार सुरू होतो. 2016 चा फ्रान्सच्या राफेल विमानांचा करार सुमारे 59 हजार कोटींचा, विमाने 36. म्हणजे एक सोळाशे कोटींना. 2021 चा स्वदेशी तेजस मार्क-1ए चा करार सुमारे 48 हजार कोटींचा, विमाने 83. म्हणजे एक पावणेसहाशे कोटींना. त्यावरून भांडणे होतात. पण राफेलच्या रकमेत क्षेपणास्त्रे, सुटे भाग, देखभाल सगळे होते, आणि किमान 75 टक्के विमाने उड्डाणास सज्ज ठेवण्याची हमीही होती. मला ती हमी किमतीपेक्षा मोठी वाटते.

कारण मी स्वतः फसलो आहे. साठ हजारांनी स्वस्त मिळाला म्हणून एक ट्रॅक्टर घेतला. मृगाचा पाऊस झाला, वावरात वापसा आला आणि त्याच सकाळी हायड्रॉलिकचा पंप गेला. सुटा भाग तालुक्याला नाही, नागपुरातही नाही. नऊ दिवस ट्रॅक्टर गोठ्याजवळ उभा. चाकांना लागलेला चिखल वाळून गळून पडला. भाड्याच्या ट्रॅक्टरचा नंबर लागेपर्यंत झड लागली, पेरणी लांबली, सोयाबीन शेजाऱ्याच्या निम्मी झाली. वाचलेले साठ हजार त्यातच गेले.

सुखोई-30 या लढाऊ विमानांबद्दल सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2015 मध्ये हेच दाखवून दिले होते. अपेक्षा 75 टक्क्यांची, प्रत्यक्षात सज्ज विमाने 55 ते 60 टक्के. म्हणजे शंभराचे पैसे मोजून वापरायला साठही नाहीत.

उशिराचेही तसेच. तेजस मार्क-1ए मार्च 2024 पासून मिळायला हवे होते. त्याच्या 99 अमेरिकी इंजिनांपैकी पहिलेच मार्च 2025 मध्ये आले. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाले, आणि लढाऊ विमानांच्या मंजूर 42 स्क्वाड्रनपैकी (तुकड्यांपैकी) 29 उरल्या. तरीही स्वदेशी विमानच हवे, असे माझे ठाम मत आहे. सुटा भाग नाशिक-बंगळुरूत तयार होत असेल तर परदेशाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. मात्र इंजिन बाहेरचे आहे तोवर ही गोष्ट अर्धीच.

वायुदलाचा मेंटेनन्स कमांड, म्हणजे देखभाल-दुरुस्ती सांभाळणारा विभाग, आपल्या नागपुरातच आहे. लष्करी गुपिते कोणी मागत नाही. पण पुढच्या कराराची बातमी छापताना किमतीशेजारी सुटे भाग किती वर्षांचे, सज्जतेची हमी किती टक्के आणि उशीर झाल्यास दंड किती, एवढे आपण जरूर छापावे, ही विनंती.

आपला वाचक,
एक कास्तकार, ता. आर्वी, जि. वर्धा