दुसरा भाग कपाटातच का राहतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातल्या कुठल्याही वाचनालयात किशोरांच्या इंग्रजी कादंबऱ्यांचे कपाट उघडून पाहावे. मालिकेतला पहिला भाग हाताळून मऊ पडलेला असतो आणि शेजारचा दुसरा भाग जवळजवळ कोरा. परग्रहवासीयांच्या आक्रमणावरच्या त्रयी असल्या की हे हमखास दिसते. रिक यान्सी यांचीच त्रयी घ्या: ‘द फिफ्थ वेव्ह’ (२०१३), ‘द इन्फिनिट सी’ (२०१४), ‘द लास्ट स्टार’ (२०१६). (हे लेखक पूर्वी अमेरिकेच्या कर खात्यात वसुलीचे काम करत. कोणावर किती विश्वास ठेवायचा याचा सराव तिथेच झाला असावा.) मुले दुसरा भाग नेतात आणि ‘रटाळ आहे’ म्हणून चौथ्या दिवशी परत आणतात. आमच्या मते पुस्तक रटाळ नाही. त्यात शिरायची तयारी कमी पडते, आणि ती करून देणे फारसे अवघड नाही.

पहिली अडचण चित्रपटाची. २०१६ साली आलेला चित्रपट पहिल्याच भागावर आहे, पुढचे दोन भाग पडद्यावर आलेच नाहीत. तो पाहून थेट दुसरे पुस्तक उघडणारा वाचक पंचवीस पानांत हरवतो, कारण दुसरा भाग मागचे काही समजावत बसत नाही. निदान पाच लाटांचा क्रम तरी डोक्यात पक्का हवा. पहिल्या लाटेत विद्युतचुंबकीय स्पंदाने सगळी यंत्रे बंद पडली. दुसरीत अवकाशातून भूभंगरेषांवर अजस्र धातूचे दांडे सोडले गेले आणि त्सुनामींनी किनारे धुऊन नेले. (सोलापूर समुद्रापासून लांब, म्हणून आपण सुटलो असे म्हणणाऱ्या मुलांना तिसरी लाट सांगावी: पक्ष्यांमार्फत पसरवलेली साथ.) चौथ्या लाटेत माणसांसारखे दिसणारे मारेकरी आले, आणि पाचवीत हाती बंदूक दिलेली मुलेच उरलेल्या माणसांवर सोडली गेली. ज्याने पहिला भाग सहा महिन्यांपूर्वी वाचला असेल त्याने त्याची शेवटची चाळीसेक पाने पुन्हा वाचावीत. तासाभराचे काम आहे.

दुसरी अडचण नावांची, आणि बहुतेक वाचक गळतात ते इथेच. मुलांना सैनिक बनवणाऱ्या छावणीतल्या प्रत्येक मुलाला टोपणनाव आहे. झॉम्बी म्हणजे बेन पॅरिश, नगेट म्हणजे नायिका कॅसीचा धाकटा भाऊ सॅम. शिवाय रिंगर, टीकप, डम्बो आणि तोंडातून शब्द न काढणारा पाउंडकेक. एकाच माणसाला कॅसी एका नावाने हाक मारते आणि छावणीतली मुले दुसऱ्याच. लग्नपत्रिकेच्या पाठीमागच्या कोऱ्या भागावर तीन रकाने आखावेत: टोपणनाव, खरे नाव, आता कुठे आहे. हीच पत्रिका खूण म्हणून पुस्तकात ठेवावी. तिसरा रकाना पेन्सिलीने भरावा, तो सारखा बदलतो.

बोलणाराही बदलत राहतो. रिंगर आणि कॅसी ‘मी’ म्हणून बोलतात, इव्हान (पहिल्या भागात कॅसीला वाचवणारा तरुण) आणि पाउंडकेक यांच्याबद्दल मात्र ‘तो’ म्हणून सांगितले जाते. सर्वनाम बदलले की मुक्काम बदलला, एवढे धरून चालले तरी पुरते. काळही सरळ जात नाही. इव्हानचा भाग सुरू होतो तेव्हा कथा पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या स्फोटापाशी मागे येते आणि पाउंडकेकचा भाग तर त्याच्याही मागे, त्याच्या घरात जातो. हे न कळल्यास ‘हा मेला होता ना?’ असा प्रश्न पडतो आणि पुस्तक मिटते. खरे तर सोलापूरच्या मुलांना हे जड जायला नको. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, मित्राच्या दारात उर्दू, वर्गात इंग्रजी, असे दिवसातून दहा वेळा रूळ बदलणारी ही मुले. फक्त इथेही रूळ बदलतात हे कोणीतरी आधी सांगावे लागते.

भूगोल अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा आहे. नकाशात डेटन आणि अर्बाना ही दोन गावे शोधून ठेवली तरी पुरे. डेटनजवळ हवाई दलाचा मोठा तळ आहे, पहिल्या भागातली छावणी तिथली. अर्बानाच्या बाजूला चुनखडीच्या गुहा आहेत आणि त्यांत बारमाही सुमारे १२ अंश सेल्सियस तापमान असते. आपल्या मे महिन्यात हा आकडा चैनीचा वाटेल. पण बाहेर सगळे गोठलेले असताना गुहेत तग धरता येतो, म्हणून उंदरांनी भरलेल्या हॉटेलात अडकलेल्या मुलांची नजर तिकडे लागलेली असते. पुस्तकात अंतरे मैलांत आणि तापमान फॅरनहाइटमध्ये येते. ३२ म्हणजे आपले शून्य, हे विसरले तर थंडीची धारच जाते.

आता पालकांसाठी. सुरुवातीच्या प्रकरणातच एका लहान मुलाच्या घशात बॉम्ब बसवलेला आहे आणि तो माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने फुटतो. पुस्तक आठवीच्या खालच्या मुलांना देऊ नये आणि वरच्यांना देण्याआधी मोठ्यांनी ती मोजकी पाने वाचून घ्यावीत. मात्र तेच प्रकरण विज्ञानाच्या शिक्षकांना फार उपयोगी आहे. हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो, उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट. मग त्या मुलाच्या स्वतःच्या श्वासाने बॉम्ब का फुटत नाही? नववीच्या मुलाला हा प्रश्न पडलाच पाहिजे. तो मनात धरून पुढची पाने वाचली तर ती वेगळी लागतात.

उत्तरार्ध जवळजवळ सगळा रिंगरचा. पळापळ थांबते, एक खोली, एक कैदी, समोर छावणीचा प्रमुख व्हॉश, आणि बोलणे. ‘काही घडतच नाही’ ही तक्रार याच पानांबद्दल असते. आपली मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकांतून, पंधरा-वीस पानांच्या कथेतून वाढली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली कथाही तशीच आटोपशीर. शेवटच्या पानावर कलाटणी मिळणार, ही सवय आपल्याला लागली आहे. इथे कलाटणी शंभर पाने घेऊन हळूहळू येते. हल्लेखोर नेमके कोण, हा पहिल्या भागात मिटलेला वाटणारा प्रश्न या खोलीत पुन्हा उघडतो. आमच्या मते त्रयीतली सर्वांत कसदार पाने हीच. ती झोपताना दहा-दहा करून वाचू नयेत, रविवारी दुपारी सलग दोन बैठकींत संपवावीत. एरवी पुस्तक तीनशेच्या आसपास पानांचे, रोज वीस पाने धरली तर पंधरवड्यात होते.

वाचनालयांना तीन विनंत्या. मालिका संच म्हणून मागवावी, सुटा पहिला भाग घेऊ नये. पाठीवर शीर्षकाइतक्याच ठळक अक्षरांत ‘भाग २’ अशी चिठ्ठी लावावी, कारण मूळ शीर्षकांवरून क्रम कळत नाही. आणि पहिला भाग देतानाच दुसऱ्याची मागणी नोंदवून घ्यावी. फुटपाथवरची स्वस्त प्रत घेतली तर पाने क्रमाने मोजावीत. असल्या प्रतींत सोळा पानांचा एखादा फॉर्म (एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा) दोनदा बांधलेला किंवा गायब असतो, आणि काळ मागेपुढे करणाऱ्या कादंबरीत ते लवकर लक्षातही येत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात वरचा कप्पा टाळावा. अशा पुस्तकांची बांधणी शिवणीची नसून नुसत्या डिंकावर असते, कोरड्या उन्हाळ्यात तो तडकतो आणि मधलीच पाने आधी सुटतात.

तिसऱ्या भागाची प्रत हाताशी नसेल, तर दुसरा भाग कोणाला देऊ नये. तो जिथे संपतो तिथे वाचकाला आठवडाभर ताटकळत ठेवणे बरे नाही.

आपले,
काही ग्रंथालय कर्मचारी व वाचक, सोलापूर